पालथ्या झोपेचे अंथरूण

पालथे निजणाऱ्या माणसाला घरात नेहमीच बोलणी खावी लागतात. ‘उताणी नीज’ हा उपदेश माझ्या आईने बालपणी तिच्या आजीकडून ऐकला, आणि सत्तरी ओलांडल्यावर नातवंडांकडूनही ऐकला. परंतु दिवसभर वाडीत वाकून राबलेल्या देहाला जडलेली सवय उपदेशाने मोडत नाही.

परदेशी नोकरीस असलेल्या माझ्या धाकट्या भावाने मोठ्या मायेने तिच्यासाठी फोमची जाडजूड गादी घेववली. हात टेकला तर पंजा रुतावा, इतकी ती मऊ! महिन्याभरात आईची कंबर धरली. तरीही ती गादी बदलू देईना. “पोराने घामाच्या पैशाने दिलेली वस्तू बाजूला कशी सारू?” असे ती म्हणे. दुखणे कमरेचे होते. पण गाठ मायेची होती.

डॉक्टरांनी कारण उलगडून सांगितले. देहाचा अधिक भार धडाच्या मध्यभागी असतो. पालथे निजल्यावर मऊ गादीत ओटीपोटाचा भाग खोल जातो, छाती व पाय वर राहतात आणि कणा झोळीसारखा वाकतो. शिवाय श्वासासाठी मान एका बाजूस वळवावी लागते. उशी उंच असल्यास मानेला अधिकच पीळ बसतो. म्हणून कुशीवर निजण्याची सवय लागली तर उत्तमच. ती लागत नसेल तर गादी घट्ट असावी. फळीसारखी कठीण मात्र नसावी. अंग स्थूल असल्यास ती अधिक घट्ट हवी. डोक्याखाली अगदी पातळ उशी घ्यावी अथवा घेऊच नये. ओटीपोटाखाली एखादी पातळ उशी ठेवल्यास कमरेला आराम पडतो.

कापसाची गादी घट्ट असते. परंतु कापूस दबून तिच्यात गोळे होतात, म्हणून ती वेळोवेळी पिंजून घ्यावी लागते. रबराचा चीक चढवलेल्या काथ्याची गादी घट्ट असून तिच्यात हवाही खेळते. गादी कोणतीही असो, दुकानात नुसती हाताने दाबून निवडू नये. आपल्या नेहमीच्या पद्धतीने दहा-पंधरा मिनिटे तिच्यावर पडावे आणि सोबत्याने बाजूने पाहावे : खांदे व कंबर एका पातळीत दिसतात की मध्ये खळगा पडतो? तान्ह्या बाळांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांना पाठीवरच निजवावे. अमेरिकेत १९९४ साली यासाठी मोहीम सुरू झाली आणि झोपेतील आकस्मिक बालमृत्यू पुष्कळ घटले.

गुरुदीक्षेच्या वेळी संतांची लितानी चालू असता उमेदवार वेदीसमोर पालथे पडून असतात. त्यांच्या अंगाखाली मऊपणा नसतो, आधार असतो. देह पूर्णपणे सोडून द्यायचा तर खालची भूमी न खचणारी हवी.

शेवटी तोडगा वडिलांनी काढला. ते कुशीवर निजणारे. खांदा व नितंब किंचित रुतावेत असे मऊ अंथरूण त्यांना मानवते. भावाची गादी त्यांच्या खाटेवर गेली आणि आईसाठी काथ्याची आली. भावाला दूरध्वनीवरून सांगताना आई म्हणाली, “तुझी गादी घरातच आहे रे, बाबा तिच्यावर सुखाने निजतात.” तिच्या आवाजात कसलाही संकोच नव्हता. माया तीच राहिली. तिला योग्य देह तेवढा मिळाला.