कच्चा कैदी

खटला चालू असलेल्या, अद्याप दोषी न ठरलेल्या माणसाला मराठी वृत्तपत्रे ‘कच्चा कैदी’ म्हणतात. कारागृह विभागाच्या कागदोपत्री तोच ‘न्यायाधीन बंदी’ असतो आणि शिक्षा झालेला ‘सिद्धदोष बंदी’. एकाच भिंतीआडच्या एकाच माणसाची ही दोन नावे म्हणजे केवळ बोली आणि कचेरी यांच्या सवयींतला फरक नव्हे; त्यांच्यामागे दोन वेगळे निवाडे आहेत.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘कैदी’ आणि ‘बंदी’ यांत भेद नाही. पहिला अरबी ‘कैद’वरून आलेला, दुसरा ‘बन्ध्’च्या कुळातला; दोहोंचा मूळ आशय बांधलेपणाचा. का बांधले, याविषयी दोन्ही शब्द मौन पाळतात. गुन्ह्याची छाया पडली ती वापरामुळे, आणि तीही विषम. ‘राजबंदी’ म्हटले की मंडालेचे टिळक किंवा आणीबाणीतील दुर्गा भागवत आठवतात. नुसते ‘कैदी’ म्हटले की बिल्ल्यावरचा क्रमांक. ‘बंदी’ सर्वसामान्य लेखनात फारसा वापरला जात नाही, याला व्याकरणाचाही अडसर असावा. स्त्रीलिंगी ‘बंदी’ म्हणजे मनाई, आणि मथळ्यात लिंग स्पष्ट होतेच असे नाही. त्यामुळे बातमीत ‘कैदी’च राहतो, आणि त्याला विशेषण लागते ‘कच्चा’.

हे विशेषण निरुपद्रवी वाटते. वस्तुतः सगळा पूर्वग्रह त्यातच आहे. कच्चा आंबा, कच्चा खर्डा, कच्ची पावती: या प्रयोगांत कच्चेपणा ही काळाची एक पायरी असते आणि पक्के होणे ही तिची स्वाभाविक परिणती. आंब्याने पिकायचे, खर्ड्याने पक्के व्हायचे. मग कच्च्या कैद्याने काय व्हायचे? निर्दोष सुटण्याला या रूपकात जागाच नाही. कायदा निर्दोषत्व गृहीत धरतो, विशेषण दोष गृहीत धरते. मुलांच्या खेळातले ‘कच्चे लिंबू’ बाद होत नाही. तेवढी सवलतही हा कच्चेपणा देत नाही.

वास्तवाने हे रूपक केव्हाच मोडले आहे. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर बिहारच्या तुरुंगांतील असे लोक आले, की ज्यांच्यावरील आरोपांना असलेल्या कमाल शिक्षेहून अधिक काळ ते खटल्याविनाच आत होते. पक्क्याची शिक्षा भोगून झाली, तरी ते कच्चेच. २०२२च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन न्यायाधीन होते. म्हणजे संख्येने पाहता ‘कच्चा’ हाच नियम आणि ‘पक्का’ हा अपवाद; भाषा मात्र अजून उलटे समजून चालते.

‘न्यायाधीन’ हा शब्द कृत्रिम आहे, जिभेवर बसत नाही, हे आक्षेप खरे. ज्याच्या वाट्याला वर्षानुवर्षे केवळ पुढची तारीख येते, तो न्यायाच्या अधीन आहे की दिरंगाईच्या, असेही विचारता येईल. तरीही हा शब्द निकाल आधी सांगत नाही. नाव देणाऱ्याकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.

तुरुंगाच्या दाराशी मुलाखतीसाठी रांगेत उभी असलेली आई या दोन्ही शब्दांना हात लावीत नाही. ‘पोरगा आत आहे,’ एवढेच ती म्हणते. या ‘आत’मध्ये बांधलेपण पुरते आहे, दोषाचा उच्चार मात्र नाही.