पद वाचतात का?

'मानापमाना'तील पदे मी वर्गात अठरा वर्षे नुसती वाचून दाखविली. वडील चिडत. "पद वाचतात का रे? गोविंदराव उगीच का राबले?" मी म्हणे, "शब्द खाडिलकरांचे आहेत."

गोविंदराव टेंबे हे कोल्हापूरकडचे पेटीवादक. १९११ साली किर्लोस्कर मंडळीच्या 'मानापमाना'त त्यांनी पूरबेकडील ठुमरी-दादऱ्यांच्या चाली मराठी पदांना अशा बेमालूम दिल्या की, त्या इथल्याच वाटाव्यात. १९१३ साली बालगंधर्व आणि बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व मंडळी काढली. पुढे तीही सोडून शिवराज मंडळी उभारली. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' बोलपटात तर संगीत त्यांचे आणि हरिश्चंद्रही तेच! १९५५ साली ते गेले.

वडील गेल्यावर रेवदंड्याच्या घरी मी त्यांची पेटी उघडली. खाऱ्या हवेने भाता फाटला होता. एक पट्टी दाबली की वर येतच नव्हती.

परवा वर्गात एक मुलगी पद वाचता वाचता गाऊ लागली. मी तिला थांबविले नाही. चालीत ती ज्या शब्दावर रेंगाळली, त्या शब्दावर मी अठरा वर्षांत कधी थांबलोच नव्हतो. हे सांगायला आता घरी कोणी नाही.