बावर्चीखान्यातला उजेड

आमच्या घरात दिवाणखान्याला झुंबर होते आणि बावर्चीखान्याला एक बल्ब. लग्न होऊन आलो तेव्हापासून आम्ही दोघी जावा हे बघत होतो, पण त्यात खटकण्यासारखे काही आहे असे कधी वाटले नाही. घर जुन्या शहरात, शहागंजजवळच्या एका गल्लीत. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. गल्ली तीच राहिली, घरही तेच.

बावर्चीखान्याचे छत विटा-चुन्याचे, कमानीसारखे वर गेलेले. अब्बाजी त्याला लदावाचे छत म्हणतात. मधोमध उंची पंधरा फूट. उन्हाळ्यात आत गारवा असतो, आणि चुलीच्या दिवसांत धूर वर जाऊन झरोक्यातून निघून जाई. काही धूर मात्र चुन्यावरच बसला आणि छत काळपट झाले. त्या काळ्या माथ्यावरून वायरला लोंबणारा तो बल्ब. आधी साठ वॅटचा पिवळा होता, नंतर नऊ वॅटचा एलईडी आला. बदलायचा तर शेजारून शिडी आणावी लागे.

तीन वर्षांपूर्वी रमजानमध्ये नणंदेच्या सासरची माणसे इफ्तारला आली होती. पुलावात खडा निघाला. नणंदेच्या सासऱ्यांच्या दाताचा कपचा उडाला. ते हसून म्हणाले, काही नाही, दात जुनाच होता. अब्बाजी काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे आम्हा सर्वांना कळते. तांदूळ अम्मीजाननी निवडले होते. चाळीस वर्षे या घरातले तांदूळ त्यांनीच निवडले.

त्यानंतर आम्ही काय केले ते लिहायला संकोच वाटतो. सूप त्यांच्या हातातून काढून घेतले. "आता तुम्ही आराम करा" असे गोड शब्दांत म्हटले, आणि पाठीमागे आपसांत म्हटले की अम्मीजान हल्ली निष्काळजी झाल्या आहेत. मीठ दोनदा पडते, भांड्याला साय तशीच राहते, डाळीत सोंडे राहतात. त्या ऐकून घेत. वाद घालण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

पुढे एक दिवस सकाळी त्या खिडकीशी तिलावत करत बसल्या होत्या. ओठ चालत होते, पण बऱ्याच वेळात पान उलटले नव्हते. सूरह पाठ होती म्हणून ओठ थांबले नाहीत. डोळे कधीच थांबले होते. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, आणि उजवा बराच पिकलेला. मग त्यांनी विचारले, "या कुठल्या उजेडात काम करतात?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

तेव्हा कळलेली एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण ती प्रत्येक घराच्या कामाची आहे. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळट पडते. म्हणजे ज्या बल्बखाली आम्हाला थोडे अंधुक दिसे, त्याच बल्बखाली अम्मीजानना जवळजवळ काहीच दिसत नसणार. आणि घरातला सगळ्यात बारीक नजरेचा काम त्यांच्याकडे होते.

गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसवत नव्हते. म्हणून बावर्चीखान्याच्या मधोमध एक ओटा बांधायचे ठरले: सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, एका टोकाला खुर्ची सरकेल अशी जागा. ओट्यावर कुणाचे दुमत नव्हते. दुमत झाले ते त्यावरच्या दिव्यावर. घरातल्या पुरुषांचे म्हणणे, एवढे उंच कमानी छत आहे तर झुंबरच शोभेल. दुकानदारानेही तेच सांगितले आणि बारा बल्बांचे एक पितळी झुंबर पेटवून दाखवले. खरोखर सुंदर होते.

आमच्यातली एक उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, हा नियम ती दरवर्षी फळ्यावर लिहिते. घरात तो कधी लावून पाहिला नव्हता. त्या रात्री वहीत मांडला. ओटा तीन फूट उंच, माथ्यावरचा बल्ब ओट्यापासून बारा फुटांवर. तोच बल्ब ओट्याच्या वर अडीच फुटांवर आणला तर ओट्यावर सुमारे तेवीस पट उजेड पडतो. वीज तेवढीच, बिल तेवढेच. शिवाय माथ्यावरचा दिवा आपल्या पाठीशी राहिला की आपलीच सावली आपल्या हातांवर पडते. समोरून, खालून टांगलेला दिवा तसे करत नाही. वही अब्बाजींपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, "झुंबर राहू द्या."

टांगायचे कसे हा पुढचा प्रश्न. गवंडी कमानीच्या माथ्याला ड्रिल लावायला तयार होईना. जुना चुना आहे, विटा एकमेकींच्या दाबावर उभ्या आहेत, माथ्याची वीट हलवू नका, असे तो म्हणाला. मग त्यानेच सुचवले त्याप्रमाणे कमान जिथे भिंतीवर टेकते त्याच्या खाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी पाइप टाकला आणि त्याला साखळीने दोन दिवे टांगले. छताला हातही लागला नाही. छत धुऊन दोन हात चुना मारला, आणि पाइपावर एक पट्टी वरच्या तोंडाने बसवली. तिचा उजेड पांढऱ्या कमानीवर पडून खोलीभर मऊ उतरतो.

दुकानात बहुतेक बल्ब ६५०० केल्विनचे, निळसर पांढरे. आम्ही तीन रंगांचे बल्ब आणले आणि ताटात तांदूळ, मसूर, तूरडाळ, हळद मांडून एकेक लावून पाहिला. निळसर उजेडात हळद मेल्यासारखी दिसली, अगदी पिवळ्यात तांदळातला पिवळट खडा दिसेना. ४००० केल्विनचा, खोक्यावर सीआरआय ९० लिहिलेला बल्ब बरा ठरला. थोडा महाग पडला.

एवढे करून आम्ही स्वतःवर खूष होतो. अम्मीजानच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन होऊन महिना झाला होता. त्यांना खुर्चीवर बसवले, दिवे लावले. त्यांनी लगेच हात कपाळावर आडवा धरला आणि म्हणाल्या, "बेटा, उजाला हातां पे पाडो, आँखां में नै."

उभे राहून मापलेली उंची बसलेल्या माणसाला चुकीची होती. बल्ब थेट त्यांच्या डोळ्यांत शिरत होता, आणि ओट्याच्या चकचकीत काळ्या ग्रॅनाइटमधून पुन्हा वर येत होता. तेव्हा मकबऱ्याची आठवण झाली. शाळेची सहल घेऊन दरवर्षी तिथे जाणे होते. दिलरस बानू बेगम १६५७ साली वारल्या. मुलाने आईसाठी बांधलेली इमारत म्हणून मकबरा सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेर संगमरवरावर ऊन डोळे दिपवते, पण आत कबरीपर्यंत ते जाळ्यांमधून गाळून पोचते. मुलांना आम्ही जाळीची नक्षी दाखवत असू, तिचे काम कधी सांगितले नव्हते.

ओळखीच्या टिनवाल्याकडून पत्र्याच्या दोन खोल टोप्या करून घेतल्या, आतून पांढऱ्या. बल्ब आत लपला. साखळी चार बोटे वर घेतली. ग्रॅनाइट ही आमची चूक होती. ती निस्तरायला निवडताना त्यावर पांढरी चादर अंथरतो.

दुसऱ्या डोळ्याचेही ऑपरेशन झाले. आता आमची पंचाईत झाली आहे. अम्मीजानना सगळे दिसते. पातेल्याच्या कडेची साय दिसते, डब्यामागची धूळ दिसते. "इतकी वर्षे असेच घासत होता का?" असे विचारतात आणि स्वतःच हसतात. अब्बाजी दिवाणखाना सोडून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र घेऊन बसतात.

यंदाच्या रमजानमध्ये एका सहरीला आम्ही उठलो तर बावर्चीखान्यातले दिवे आधीच लागलेले होते. चादरीवर तांदळाचा ढीग निवडून झाला होता. शेजारी बशीत तीन खडे ठेवले होते. हे तांदूळ आदल्या दिवशी आम्ही दोघींनी निवडले होते. अम्मीजान काही म्हणाल्या नाहीत. बशी फक्त आमच्या बाजूला सरकवली.