साताऱ्याची वाट

मुलकी परीक्षा, म्हणजे सरकारी कारकुनीची किंवा शाळामास्तरकीची पात्रता ठरवणारी मराठी सहाव्या यत्तेची परीक्षा, ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातील गरीब घरांची मोठी आशा होती. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे हेही याच आशेने सतराव्या वर्षी सोबत्यांबरोबर साताऱ्याला पायी निघाले. ती वाट डोळ्यांसमोर आणल्याखेरीज पुढचे महर्षी कर्वे समजणे कठीण आहे. दापोलीच्या किनाऱ्यापासून साताऱ्यापर्यंत शंभर मैलांहून अधिक अंतर, मध्ये सह्याद्री, आणि कोकणातून देशावर, म्हणजे वरच्या पठारावर, जाण्यासाठी चढावा लागणारा कुंभार्लीचा घाट. त्यातून दिवस पावसाचे, जेव्हा घाटातला प्रत्येक ओहोळ पायवाटेवर उतरतो, दगड शेवाळतात आणि पाठीवरचे बोचके भिजून जड होत जाते. एवढे चालून गेल्यावर, अंगकाठी लहान असलेला हा मुलगा वयाने कमी दिसतो, म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले गेले नाही. पुढे त्याने ती परीक्षा कोल्हापुरातून दिली, आणि १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन पदवी मिळवली. आत्मविश्वासाची एवढी शांत कथा मराठीत क्वचितच असेल, कारण तिच्यात घोषणा कुठेच नाही, आहे ती केवळ पुढची परीक्षा.

कमाई सुरू झाल्यावर कर्व्यांनी ‘मुरूड फंड’ उभारला. गावाबाहेर मिळवत्या झालेल्या मुरूडकरांनी गावाच्या कामांसाठी नियमित वर्गणी द्यावी, अशी ही योजना होती. कृतज्ञता त्यांच्या लेखी भावना कमी आणि दरमहाची जमाखर्चाची बाब अधिक होती, आणि ती तशीच असणे अधिक विश्वासाचे वाटते. त्याच गावाने, १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केल्यावर, त्यांच्यावर बहिष्कार घातला. तरीही गावाविषयीची कटुता त्यांनी जोपासली नाही.

शहाणी निवड म्हणजे लाभाची निवड, असा समज रूढ आहे. कर्व्यांच्या बाबतीत तो टिकत नाही. १८९१ पासून ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद, म्हणजे तुटपुंज्या वेतनावर दीर्घकाळ सेवेची प्रतिज्ञा केलेले शिक्षक होते. त्या वेतनावर संसार चालवत त्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, आयुर्विम्याची पॉलिसी त्याच्या नावे केली, आणि आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेल्यावर शहर आणि माळरान यांमधली पायपीट वर्षानुवर्षे केली. घाटातले पाय इथे उपयोगी पडले, असे म्हणण्याचा मोह होतो. महिला विद्यापीठ १९१६ मध्ये आले. समता संघ १९४४ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. आणि भारतरत्न १९५८ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर.

कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ आज गौरवग्रंथांच्या रांगेत ठेवले जाते, आणि हे त्या पुस्तकावर अन्याय करणारे आहे. प्रवेश नाकारल्या गेलेल्या, गुणपत्रिका घेऊन घरी परतलेल्या मुलामुलींच्या हाती ते पालकांनी द्यावे, आणि शक्य तर साताऱ्याचा भाग आधी स्वतः वाचून मगच द्यावे.