पद्मिनीचं चाक

रविवार. पद्मिनीचं स्टिअरिंग वर-खाली हललं की कटकट वाजायचं. कॉलमचं बेअरिंग बदलायला आज एकदाचा मुहूर्त लागला. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. गिअरचा दांडाही कॉलमलाच, म्हणजे हात घालायला जागा आधीच बेताची.

बॅटरीची तार सोडवली, हॉर्नचं बटण काढलं. चाक आणि शाफ्टवर खडूची रेघ ओढली. नाहीतर गाडी सरळ अन् चाक तिरकं. नट मात्र दोन आट्यांवर ठेवला. पुलरने ओढताना चाक सुटलं की थेट नाकावर येतं, हे मागच्या खेपेला कळलंय.

जुन्या बेअरिंगमधल्या ग्रीसचा काळा खडा झालेला. दोन छर्रे घरंगळून सीटखाली गेले, जाऊ देत.

नवं बसवायला बाहेरच्या कडीएवढा पाइपचा तुकडा शोधला. आतल्या कडीवर ठोकलं तर सगळा मार छऱ्यांवर, आणि नव्याकोऱ्या बेअरिंगला खड्डे. लाकडी हातोडीने टक्‌, टक्‌, टक्‌… मग आवाज एकदम भरीव झाला. बसलं!

आई खिडकीतून म्हणाली, "येतोयस की ताट तिथेच आणू?"

चाक परत बसवलं, आता वर-खाली हलत नाही. हॉर्नची तार तेवढी लावायची राहिली.