जुन्या दस्त्याला नवा तुकडा

'रंग जुळवणे' म्हटलं की आपल्याला गॅदरिंगच्या दिवशीची साडी-ब्लाउजची मॅचिंग आठवते. मी मात्र यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत बंदुकीच्या दस्त्याचा रंग जुळवायला शिकलो!

दचकू नका. आमचं गाव सिंधुदुर्गात. रानडुकरं आणि माकडं शेतीची वाट लावतात, म्हणून तिकडे काही घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. आमच्याकडची बाराबोर दुनळी आजोबांची. ते गेल्यावर बाबांनी रीतसर परवाना घेतला. पण यंदाच्या पावसाळ्यात वाळवीने दस्त्याचं खालचं टोक खाल्लं, चांगलं दोन बोटं!

असलं काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच करावं लागतं. त्यांच्या परवानगीने मी रोज दुपारी दुकानात जाऊन बसायचो. मिस्त्रीकाकांनी सडका भाग कापून अक्रोडाचाच नवा तुकडा बसवला. अक्रोडच का? वजनाने बेताचं (घनमीटरला साधारण ६४० किलो), दणका सोसणारं आणि एकदा नीट वाळलं की सहसा न वाकणारं, न पिळणारं लाकूड. सांधा तर असा बसला की नख अडकेना. पण रंग? दस्ता जवळजवळ काळा, तुकडा मातकट तपकिरी. कोट एका सुटाचा, पँट दुसऱ्याची!

बाबा म्हणाले, "नव्याला काळा रंग मारा, विषय संपला." काका हसले. "साहेब, हा काळा रंग लाकडाचा नाहीच. हा तेलाचा, घामाचा आणि चुलीच्या धुराचा आहे."

मला हे नवीनच होतं. बहुतेक लाकडं उजेडात गडद होत जातात. अक्रोडाचं उघडं लाकूड मात्र वर्षानुवर्षं उजेडात राहिलं की उलट फिकट, सोनेरीकडे झुकतं. त्यावरचं जवसाचं तेल तेवढं जुनं होताना पिवळं, गडद होतं, वर हाताचा मळ बसतो. म्हणजे नव्याला मळाच्या रंगात रंगवायचं नाही. आधी जुन्याला त्याच्या मूळ रंगावर आणायचं आणि मग नव्याला त्याच्याकडे न्यायचं.

संध्याकाळी हे घरी सांगितलं, तर आजीचा चेहराच उतरला. दस्त्याच्या वरच्या कडेवर एक गुळगुळीत काळा डाग आहे. "थंय तेंचो गाल टेकायचो," ती म्हणाली. "थंय घासू नको हां रे."

आता आली का पंचाईत? दस्ता साफ करावा तर आजोबा पुसले जाणार, न करावा तर तुकडा ठिगळासारखा दिसणार. दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं. त्यांनी दोन मिनिटं दस्ता फिरवून पाहिला आणि म्हणाले, "टोकापासून घेऊ. वर जाताना हात हलका करू. गालाला लावायचंच नाही."

मग टर्पेंटाइनचा बोळा. सांध्याजवळचा काळा थर निघाला आणि खालून चक्क लालसर रेषा दिसू लागल्या! काकांनी स्टीलवूलला मात्र हात लावू दिला नाही. अक्रोडात टॅनिन असतं. लोखंडाचा कण आणि पाणी एकत्र आलं की काळे डाग पडतात. (केमिस्ट्रीच्या व्हायवाला हे विचारलं असतं तर!) नवा तुकडा १५०, २२०, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासला. मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसून उभे राहिलेले तंतू पुन्हा कापले. तुकड्याच्या टोकाचा आडवा छेद रंग जास्त पितो, म्हणून तिथे पेपर अधिक बारीक.

आणि लाली कशाने आणली असेल? रतनजोतने! रोगन जोशच्या तर्रीला रंग देणारं तेच मूळ. त्याचा रंग पाण्यात नाही, तेलात उतरतो. इंग्लंडचे बंदूकवालेही दस्त्याच्या तेलाला लाली आणायला अशाच एका मुळाचा, अल्कानेटचा वापर करत आले आहेत. आधी उरलेल्या फळकुटावर चार छटा करून पाहिल्या, त्याही दाराबाहेर सूर्यप्रकाशात. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फसवतो. तुलना नेहमी तेल लावलेल्या ओल्या लाकडाची, कोरड्याची नाही.

मग रोज तेलाचा एकच पातळ हात. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. म्हणून तेलाची फडकी बोळा करून टाकायची नाहीत, आपोआप पेटू शकतात. काका ती पसरून वाळवत. हॉस्टेलवर प्रोजेक्टचं मॉडेल पॉलिश करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा!

आठव्या दिवशी दस्ता तयार झाला. टोकाशी तपकिरी-लाल, वर जाता जाता गडद, आणि गालाशी तोच काळा डाग. तिरप्या उन्हात तुकडा अजूनही ओळखू येतो. बाबांनी विचारलं, "अजून थोडा गडद करता येणार नाही?" काका म्हणाले, "येईल. पण दोघांचं वय वेगळं आहे, दोघं एकाच वेगाने बदलणार नाहीत. आज तंतोतंत केलं तर चार वर्षांनी फरक दिसेलच. हात लागत राहू दे."

आजीने सांध्यावरून बोट फिरवलं. तिला तो लागला नाही. मग तिचा हात सरकत वर गेला आणि डागावर बराच वेळ थांबला. बाबांनी पुन्हा गडद रंगाचं नाव काढलं नाही.