फोटो मुलांचा, हक्कही मुलांचा

‘इकडे बघ, हस!’ म्हटले की मूल दात दाखवते, पण हसत नाही. ईदच्या नव्या कपड्यांतले, ताठ मानेचे असे फोटो प्रत्येक घरात ढिगाने असतात. तेच मूल चटईवर पालथे पडून चित्र रंगवत असते, दादीच्या चष्म्याशी खेळत असते, तेव्हाचा चेहरा मात्र क्वचितच टिपला जातो.

आमच्या दोन खोल्यांच्या घरात एकच मोठी खिडकी आहे. सकाळी तिथून येणारा मऊ उजेड आम्हाला पुरतो. मूल खिडकीच्या बाजूला असले की चेहरा उजळतो. खिडकी त्याच्या पाठीमागे आली तर चेहरा काळवंडतो. फ्लॅश आम्ही वापरत नाही. ट्यूबलाइटही बंद करतो, कारण दोन प्रकारचे उजेड मिसळले की रंग बिघडतात. मोबाइलची काच पुसायची, मुलाच्या उंचीला जमिनीवर बसायचे आणि थांबायचे. कमी उजेडात हलणारे मूल फोटोत पुसट येते. म्हणून ते क्षणभर स्थिरावेल, गणित अडल्यावर पेन्सिल ओठांशी नेईल, तेवढी वाट पाहायची.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ फ्लॅश टाळत आणि कुणाचे लक्ष जाऊ नये म्हणून कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या पट्टीने झाकत. त्यांच्याकडून आम्ही शांत राहणे घेतले. पण त्यांचे काम रस्त्यावरच्या अनोळखी माणसांत चाले. घरातल्या मुलाला उद्याही आपल्याच शेजारी बसायचे असते. त्याच्या नकळत फोटो काढला, तरी तो त्याच्यापासून लपवायचा कशाला?

आमच्या वर्गातल्या एका मुलाचा रडतानाचा फोटो त्याच्या घरच्यांनी कौतुकाने स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी मुले त्याला ‘रडूबाई’ म्हणू लागली. उत्तरासाठी सगळ्यांत आधी हात वर करणारा तो मुलगा पुढे कित्येक दिवस खाली मान घालून बसला. घरच्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी त्याला फक्त विचारले नव्हते.

म्हणून आमच्या घरी काही साधे नियम आहेत. रडताना, आजारी असताना, कपडे बदलताना फोटो नाही. काढलेला फोटो आधी मुलालाच दाखवायचा. ‘मामूंना पाठवू का?’ असे विचारायचे. ‘नको’ म्हटले तर तिथेच पुसून टाकायचा, वाद घालायचा नाही. आमची धाकटी तर अर्धे फोटो पुसायला लावते! पण हल्ली मोबाइल दिसला की ती तोंड फिरवत नाही, आपले काम चालू ठेवते.

कधी मोबाइल हातात असूनही आम्ही तो खाली ठेवतो आणि नुसते तिच्याकडे बघत राहतो. प्रत्येक क्षण जपण्यासाठी त्याचा फोटोच हवा, असे थोडेच आहे!